‘किती छान!’च्या पलीकडे : भरतकामाच्या समीक्षेविषयी

भरतकाम केलेला रुमाल कुणापुढे ठेवला, की साधारणपणे दोनच उद्गार ऐकू येतात. एक, ‘किती छान!’ आणि दुसरा, ‘केवढी चिकाटी!’ पहिला उद्गार त्या वस्तूविषयी काहीच सांगत नाही. दुसरा तर वस्तूविषयी नसतोच. ते करणारीच्या स्वभावाला दिलेले प्रशस्तिपत्र असते. एखाद्या कवितासंग्रहाच्या परीक्षणात ‘कवीने फार चिकाटीने लिहिले आहे’ एवढेच वाक्य आले, तर कवी ते निंदा म्हणूनच वाचील. भरतकाम करणारीने मात्र तेवढ्यावर संतोष मानावा, अशी आपली अपेक्षा असते आणि बहुतेक वेळा ती मानतेही.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे आहे : ज्या कृतीची आपण समीक्षा करत नाही, तिला कृती म्हणून आपण मान देत नाही, मग कौतुक कितीही करू. साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे आणि शिक्षकांपुढे हे मांडण्याचे कारण असे, की समीक्षा हा आपला व्यवसाय आहे आणि त्या व्यवसायाची निम्मी परिभाषा आपण सुई-दोऱ्याकडून उसनी घेतलेली आहे. उसने घेतलेले परत करण्याची वेळ कधीतरी यावी.

या विचाराला निमित्त झाले ते गेल्या वर्षभरातल्या एका उपक्रमाचे. पनवेलहून माथेरानच्या पायथ्याकडे, धोदाणीच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यावर नेरे हे गाव लागते. तिथे आम्ही आठजणी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एकत्र बसून ‘हार्डांगर’ नावाचे नॉर्वेजियन भरतकाम शिकत आलो. आमच्यात शिवणकामावर घर चालवणारी एक बाई आहे, एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, एक परिचारिका, दोन महाविद्यालयीन मुली, दोन गृहिणी आणि मराठी शिकवणारी मी. योजना साधी होती. बारा महिन्यांचे बारा चौकोन. दर महिन्याला एकच नमुना हाती यायचा आणि तो पुरा झाल्याखेरीज पुढचा उघडायचा नाही. परदेशांत अशा उपक्रमांना ‘स्टिच-अलाँग’ म्हणतात. आमच्याकडे त्याचे नाव ‘महिन्याचा टाका’ असे पडले.

हार्डांगर हे नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका प्रदेशाचे आणि तिथल्या फियॉर्डचे, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या हाताचे, नाव. संगीताच्या जाणकारांना तिथली हार्डांगर फिडल ठाऊक असेल. भरतकाम त्याच भूमीतले. तिथल्या स्त्रियांच्या पारंपरिक पोशाखातल्या ॲप्रनवर आणि सदऱ्यावर ते असे. पांढऱ्या कापडावर पांढऱ्याच दोऱ्याने. या कामाचे वैशिष्ट्य असे, की कापडावर आधी काहीही छापलेले, ट्रेस केलेले नसते. कापडाचे उभे-आडवे धागे मोजून नमुना उभा करायचा. चार धाग्यांवरून जाणारे पाच भरीव टाके शेजारी शेजारी घातले, की एक छोटा ठोकळा होतो. त्याला क्लोस्टर ब्लॉक म्हणतात. हा ठोकळा म्हणजे या कामाचे अक्षर. असे ठोकळे पायऱ्यापायऱ्यांनी फिरवत आकृतीची सीमा बांधायची. सीमा पुरी झाली, की आतले धागे चार कापायचे, चार ठेवायचे आणि कापलेले ओढून काढायचे. मग तिथे चौकोनी खिडक्यांची एक उघडी जाळी उरते. राहिलेल्या चार-चार धाग्यांच्या पट्ट्या दोनावरून-दोनाखालून विणून घट्ट करायच्या, आणि खिडक्यांत हवे तर दोऱ्याचे नाजूक फास भरायचे. पट्टी विणण्याचा टाका पाहून आमच्यातली निवृत्त शिक्षिका लगेच म्हणाली, ‘अहो, हे तर रफू!’ आणि ते खरेच रफूचे विणणे आहे. फरक इतकाच, की रफूत भोक आधीच पडलेले असते आणि इथे ते आपण विचारपूर्वक पाडतो.

कात्री लावणे हा या कामाचा गाभा आहे. कापलेला धागा परत जोडता येत नाही. म्हणून त्याआधीचे सगळे काम त्या एका क्षणाची तयारी असते. कापला जाणारा प्रत्येक धागा दोन्ही टोकांना एकेका ठोकळ्याने बांधलेला असावा लागतो. म्हणजे ठोकळे समोरासमोर, एकमेकांना जबाबदार असे उभे हवेत. मोजणीत कुठे एक धागा इकडचा तिकडे झाला, तर ते तिथल्या तिथे कळत नाही. सगळी सीमा फिरून, सुरुवातीच्या ठोकळ्याशी येऊन मिळताना कळते. शिवणकाम करणाऱ्या बाईंना हे तत्त्व सांगावे लागले नाही. त्या म्हणाल्या, ‘मशीनवरचे काज आम्ही असेच करतो. आधी चारी बाजूंनी शिवायचे, मग मधून कापायचे.’ ज्या गोष्टीसाठी मला एक परिच्छेद लागला, ती त्यांच्या व्यवसायात एका वाक्यात होती.

महिन्याला एकच नमुना या बंधनाचा मला वाटला त्याहून मोठा परिणाम झाला. पहिले दोन महिने केवळ ठोकळे होते. तिसऱ्या महिन्यात अष्टकोनी तारा आला. कात्री चौथ्या महिन्यात. तोवर प्रत्येकीच्या हातात दोन-तीन चौकोन होते आणि एकच नमुना आठ हातांनी केलेला असल्यामुळे आठ गोष्टी समोर मांडलेल्या होत्या. मासिकातून क्रमशः येणारी कादंबरी वाचणाऱ्या पिढीला हा अनुभव ओळखीचा वाटेल. सगळे एकदम हाती आले असते, तर प्रत्येकीने आपापल्या गतीने, आपापल्या घरात ते उरकले असते. महिनाभर थांबावे लागल्यामुळे बोलणे भाग पडले. आणि बोलायचे कशाविषयी? ‘छान’ आठ वेळा म्हणून झाल्यावर उरते ते काय?

उरते ते निरीक्षण. पहिल्या बैठकीत सगळ्यांचे चौकोन सगळ्यांना ‘छान’ वाटत होते. तिसऱ्या बैठकीत कुणीतरी एक चौकोन उलटा करून पाहिला. हार्डांगरच्या मागच्या बाजूला दोऱ्याचा प्रवास दिसतो : कुठून निघाला, कुठे वळला, कुठे आडमार्गाने गेला. उलट बाजू पाहणे हे आमच्या गटातले समीक्षेचे पहिले पाऊल, असे मी मानते. मसुदा पाहून अंतिम पाठाचा विचार करणारा पाठसमीक्षक याहून वेगळे काय करतो? चौथ्या-पाचव्या महिन्यापासून शब्द येऊ लागले. ‘हा दाटलाय.’ ‘याच्या खिडक्या मोकळ्या आहेत.’ ‘इथे दोरा ओढल्यासारखा झालाय.’ ‘मोजणी बरोबर आहे, पण श्वास नाही.’ यातले शेवटचे वाक्य महाविद्यालयातल्या मुलीचे. ते ऐकून मी चपापले, कारण वृत्तात बिनचूक बसलेल्या पण निर्जीव कवितेविषयी आम्ही वर्गात नेमके हेच म्हणतो, आणि तिने ते वर्गात ऐकलेले नव्हते. मात्रा मोजून येणारी शिस्त आणि त्या शिस्तीतून निघणारी लय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला कापडाने शिकवले होते.

एक वाद विशेष नोंदवण्यासारखा झाला. परंपरेने हे काम पांढऱ्यावर पांढरे असते. आमच्यातल्या एका गृहिणीने आमसुली दोरा वापरला. निवृत्त शिक्षिकेचे म्हणणे, यामुळे कामाचा प्राण गेला. कारण पांढऱ्यावर पांढऱ्यात आकार दिसतो तो रंगामुळे दिसत नाही, टाक्याच्या उंचवट्यावर पडणाऱ्या उजेडामुळे आणि कापलेल्या जागेतल्या सावलीमुळे दिसतो. रंग आला, की डोळा रंगाकडे जातो आणि खिडक्या नुसत्या भोकांसारख्या भासतात. आमसुली दोरा वापरणारीचे उत्तर असे, की कोकणच्या पावसाळ्यात पांढऱ्या कापडाची काय गत होते हे नॉर्वेच्या बायकांना माहीत नव्हते; आणि जी वस्तू पेटीत ठेवूनच जपावी लागते ती तिला करायचीच नाही. हा वाद सुटला नाही. पण यात रूपाचा विचार होता, वाचकाच्या डोळ्याचा विचार होता, परंपरेशी असलेल्या नात्याचा विचार होता आणि उपयोगाचाही. साहित्यात आपण ‘कलावाद-जीवनवाद’ म्हणून पिढ्यान्पिढ्या जे भांडण शिकवत आलो, त्याचे दोन्ही पक्ष एका मॅटीच्या तुकड्यावर येऊन बसले होते, आणि त्यांच्यापाशी पुरावा म्हणून प्रत्यक्ष वस्तू होती.

आता आपल्या परिभाषेकडे वळू. सूत्र म्हणजे दोरा. ग्रंथ हा शब्द ज्या धातूपासून आला, त्याचा अर्थ गुंफणे, गाठणे. प्रबंध आणि निबंध या दोहोंत बांधणे आहे. ओवीचे नाते ओवण्याशी जोडले जाते. कथानकाची वीण, भाषेचा पोत, प्रतिमांची गुंफण, आशयाचे पदर, विसविशीत रचना, ठाशीव बांधणी : परीक्षणाचा एक परिच्छेद या शब्दांवाचून लिहून पाहावा, म्हणजे उसनवारी किती आहे ते ध्यानात येईल. उसनवारीत वाईट काही नाही. भाषा अशीच वाढते. पण वापरून वापरून हे शब्द इतके गुळगुळीत झाले आहेत, की ते उच्चारताना कुणाच्याही डोळ्यांपुढे कापड येत नाही. ‘कथेची वीण घट्ट आहे’ हे आपण गुण म्हणून लिहितो. वीण नेहमी घट्टच चांगली, हे कुणी ठरवले? हार्डांगरमध्ये ताण अधिक झाला, तर कापड आवळते आणि चौकोनाची कडा आत वळते. कमी झाला, तर खिडक्या वेड्यावाकड्या होतात. घट्टपणा हा गुण नाही. दोन्ही बाजूंचा ताण सारखा असणे हा गुण आहे. एवढा फरक ज्याच्या बोटांना माहीत आहे, तो ‘घट्ट वीण’ हा शब्द विचार करून वापरील.

मराठी परंपरेत हा दुरावा मुळापासून होता असेही नाही. नामदेव शिंपी होते, आणि गुरु ग्रंथ साहिबात समाविष्ट झालेल्या त्यांच्या एका पदात गज, कातर, सुई आणि धागा ही त्यांच्या धंद्याची सगळी हत्यारे भक्तीच्या भाषेत येतात. मन, जीभ, नाम यांच्याशी त्या हत्यारांची जी सांगड ते घालतात, ती शोभेसाठी केलेली नाही. रोज कापड कापणाऱ्या हाताला सुचलेली ती सांगड आहे. सावता माळी, गोरा कुंभार, नरहरी सोनार यांच्याकडे आपण पाहतो ते संत म्हणून. त्यांच्या नावाला चिकटलेला व्यवसाय हा आपल्याला चरित्रातला तपशील वाटतो. तो त्यांच्या ज्ञानाचा मार्गही होता, हे आपण क्वचितच शिकवतो.

एक आक्षेप इथे घेतला जाईल आणि तो गटातही घेतला गेला. हे सगळे शिकायचे, तर नॉर्वेपर्यंत जायचे कशाला? महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवर, धारवाड-बेळगावकडे, इरकली लुगड्यांवर होणारी कसुती आहेच. तीही धागे मोजूनच करतात, तिलाही आधी नमुना छापावा लागत नाही. तिचे टाके किती नेमक्या नावांचे आहेत : दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा गवंती, पायऱ्यांसारखा नागमोडी मुरगी, विणकामासारखा दिसणारा नेयगी आणि मेथीच्या दाण्यावरून नाव पडलेला फुलीचा मेंथी. गवंतीत तर गाठ मारायची सोयच नाही, कारण उलट बाजू अशी काही नसतेच. रथ, गोपुर, तुळशीवृंदावन, हत्ती, मोर असे आपल्या अंगणातले आकार सोडून परक्या देशाचा अष्टकोनी तारा का गिरवावा?

या आक्षेपात तथ्य आहे आणि तो टाळून जाऊ नये. माझे उत्तर दुहेरी आहे. पहिले असे, की जे लहानपणापासून भोवती असते ते आपण पाहत नाही. कसुतीचा पदर मी शेकडो वेळा पाहिला होता. त्यातली मोजणी मला दिसली ती हार्डांगरचे चार महिने झाल्यावर. तौलनिक साहित्याचा अभ्यास करणाऱ्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. परक्या भाषेचे व्याकरण शिकताना आपल्या भाषेला व्याकरण आहे हे प्रथम जाणवते. दुसरे असे, की ही तुलना केल्यावरच दोहोंतला भेद कळतो. कसुती कापडात भर घालते, हार्डांगर कापडातून काढून घेते. एकीचे सौंदर्य जोडलेल्या रेषेत आहे, दुसरीचे रिकाम्या जागेत. लखनौच्या चिकनकामातल्या जाळीत धागे न कापता केवळ सुईने बाजूला सारून छिद्रे केली जातात. ही तिसरी रीत. तीन रीती समोर ठेवल्या, की ‘जाळी’ या एकाच शब्दाखाली आपण किती वेगळे विचार कोंबले होते ते लक्षात येते. हार्डांगरने कसुतीची जागा घ्यावी असे कुणीच म्हणत नाही. आमचे पुढचे वर्ष कसुतीचे असावे, असे गटात ठरते आहे, आणि ती शिकताना आम्ही आता अधिक चांगले प्रश्न विचारू.

या सगळ्याचा नेऱ्याशी संबंध केवळ पत्त्यापुरता नाही. पनवेल भागात नेऱ्याचे नाव काढले, की अनेकांना पहिल्यांदा आठवते ते शांतिवन : कुष्ठरोग निवारण समितीची, कुष्ठरुग्णांच्या पुनर्वसनासाठी उभी राहिलेली संस्था. आणि हार्डांगरचा विचार करताना एक योगायोग मला सोडत नाही. हार्डांगर फियॉर्डच्या उत्तरेला, फारशा दूर नसलेल्या बर्गेन शहरात १८७३ साली गेरहार्ड आर्माउअर हान्सेन या डॉक्टराला कुष्ठरोगाचा जंतू सापडला. एकोणिसाव्या शतकात पश्चिम नॉर्वेच्या किनाऱ्यावर, शेतकऱ्यांत आणि कोळ्यांत हा रोग इतका होता, की १८५६ पासून त्या देशाने रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली. ज्या भूमीतल्या बायका पांढऱ्या कापडावर धागे मोजत होत्या, त्याच भूमीत बोटांची संवेदना हरवलेली माणसेही होती. दीडशे वर्षांनी त्यातले भरतकाम नेऱ्याला पोचले. रोग तर इथे आधीपासूनच होता.

कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंवर घाला घालतो. बोटे झडतात असा जो समज आहे तो खरा नाही. संवेदना गेल्यामुळे भाजलेले, कापलेले, टोचलेले कळत नाही आणि न कळलेल्या जखमांनी हाताची हानी होते. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून अशा वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया केल्या आणि वेदना ही शरीराची राखण आहे हे जगाला पटवून दिले. हार्डांगर शिकताना मला याचा अर्थ वेगळ्या बाजूने उमगला. या कामाची सुई बोथट टोकाची असते. धागा चिरू नये म्हणून. तरी दोऱ्याचा ताण, कापडाचा पोत, धाग्यांमधली फट या गोष्टी डोळ्याच्या आधी बोटाला कळतात. बोटाचे हे कळणे म्हणजे ज्ञान आहे. आपण ‘हातकाम’ म्हणून ज्याला बुद्धीच्या खालची पायरी देतो, त्यात बुद्धी बोटांच्या टोकाशी आलेली असते. ते टोक बधिर झालेल्या माणसाने पुन्हा हातमाग धरायला शिकणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे सुई न धरता मला समजले नसते.

महाराष्ट्रात या कामाची मोठी परंपरा आहे. १९३६ साली मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन उभे राहिले. बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याला आनंदवन घडवले. दान माणसाला दुबळे करते आणि श्रम त्याला उभे करतो, ही त्यांची भूमिका सुप्रसिद्ध आहे. आनंदवनात हातमाग आले, हस्तकला आली, आणि बरे झालेल्या माणसांच्या हातच्या वस्तू बाजारात आल्या. पण आपण, म्हणजे विकत घेणारे, त्या वस्तूंकडे कसे पाहतो? चादर हातात घेतल्यावर तिचा काठ नीट आहे का, रंगसंगती साधली आहे का, वीण सारखी आहे का, हे आपण पाहतो का? बहुधा नाही. आपण घेतो ते ‘त्यांनी केले’ म्हणून. घेण्यात चांगुलपणा असतो, पण ती चादर न पाहताच घेतलेली असते. श्रमाने दानाची जागा घ्यावी म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांच्या मालाचे आपण मागल्या दाराने पुन्हा दान करून टाकतो.

बायकांच्या भरतकामाचे ‘छंद’ म्हणून कौतुक होते, पुनर्वसित माणसांच्या विणकामाचे ‘जिद्द’ म्हणून. दोन्हीकडे करणाऱ्याची स्तुती असते आणि केलेल्या वस्तूकडे पाठ. दोन्हीकडे समीक्षेच्या जागी सहानुभूती येऊन बसते. यातून नुकसान होते ते असे : ज्याच्या कामाविषयी कुणी नेमके बोलत नाही, त्याला आपले काम सुधारण्याची वाट सापडत नाही आणि आपल्या कामाची किंमत मागण्याचे बळही येत नाही. ‘इथे ताण सारखा आहे, म्हणून ही वस्तू अधिक मोलाची’ असे म्हणणारा कुणी असेल, तरच ते मोल मागता येते. आमच्यातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी नवव्या महिन्यात विचारलेला प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. एक चौकोन पुरा करायला त्यांच्यासारख्या सरावलेल्या हातालाही पंधरा तास लागले होते. त्यांनी विचारले, ‘हे विकायचे तर कोण घेणार, आणि पंधरा तासांचे पैसे द्यायचे तर का द्यायचे हे त्याला कसे सांगणार?’ दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बाजारापाशी नाही. ते समीक्षेपाशी आहे. आणि तसे सांगू शकणारी भाषा आज आमच्या गटाबाहेर फारशी कुठे ऐकू येत नाही.

याला एक रास्त प्रतिवाद आहे. समीक्षा आली की श्रेणी आली, श्रेणी आली की अपमान आला. स्वतःच्या आनंदासाठी सुई धरणाऱ्या बाईच्या मागे समीक्षकाचे शुक्लकाष्ठ कशाला लावायचे? आणि मोठ्या कष्टाने उभ्या राहिलेल्या माणसाच्या चादरीतले दोष काढणे निर्दयपणाचे नाही का? पहिल्या प्रश्नाला उत्तर असे, की कविताही पुष्कळजण स्वतःच्या आनंदासाठी लिहितात. तेवढ्यावरून कवितेची समीक्षा आपण बंद केलेली नाही. ज्याला वहीत ठेवायची त्याने वहीत ठेवावी. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक जपून द्यायला हवे. दोष काढणे म्हणजे समीक्षा, ही समजूतच मुळात अपुरी आहे. वस्तू काय करू पाहते हे ओळखणे, ती ते कसे करते हे सांगणे, आणि मग तिला ते साधले का हे विचारणे : हा क्रम पाळला, तर समीक्षा निर्दय होत नाही. निर्दय असते ते न पाहणे. आमच्या गटात ज्या चौकोनावर सर्वांत जास्त वेळ बोलणे झाले, त्या चौकोनाची कर्ती पुढच्या महिन्यात सर्वांत आधी आली होती.

आपल्या शिक्षणाने ही संधी एकदा हाताशी धरली होती. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नयी तालीमची कल्पना मांडली गेली, तेव्हा हस्तोद्योग हा शिक्षणाचा एक विषय म्हणून सुचवला नव्हता. सगळे विषय त्याच्यातून शिकवावेत असे सुचवले होते. तकलीतून गणित, कापसातून भूगोल आणि इतिहास. पुढे १९६४–६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली आणि शाळांच्या वेळापत्रकात तो तास आलाही. पण तो कसा घेतला जातो, हे आपण सगळे जाणतो. मुलींच्या वाट्याला रुमालाचे चार टाके येतात, वहीत नमुने चिकटवले जातात, गुण मिळतात. टाका शिकवला जातो. टाक्याविषयी बोलायला शिकवले जात नाही. इंग्रजीत रोझिका पार्कर यांचे ‘द सबव्हर्सिव्ह स्टिच’ १९८४ मध्ये आले आणि भरतकाम हे स्त्रीत्व घडवण्याचे साधन कसे झाले आणि स्त्रियांनी त्याच साधनाने प्रतिकारही कसा केला, याची मांडणी त्यात झाली. आपल्याकडे स्त्रीवादी समीक्षेने ओव्या, उखाणे, कहाण्या, आत्मचरित्रे यांना साहित्याच्या अंगणात आणले, ही मोठी कामगिरी आहे. जात्यावर बसून गायलेल्या शब्दांपर्यंत आपण पोचलो. त्याच हातांनी शिवलेल्या गोधडीपर्यंत मात्र अजून पोचायचे आहे.

म्हणून शेवटी एक साधी सूचना. पदव्युत्तर वर्गांत समीक्षालेखनाचा जो भाग असतो, त्यात वर्षातून एकदा विद्यार्थ्यांना एक हाताने केलेली वस्तू द्यावी. गोधडी असो, कसुतीचा पदर असो, हातमागाची चादर असो. अट एवढीच, की करणाऱ्याच्या चिकाटीविषयी, जिद्दीविषयी, गरिबीविषयी किंवा आजाराविषयी एक अवाक्षर न लिहिता त्या वस्तूवर पाच पाने लिहायची; आणि ‘छान’, ‘सुंदर’, ‘मनोहर’ हे शब्द वर्ज्य. त्यानंतर ती पाने, शक्य असेल तिथे, वस्तू करणाऱ्याला वाचून दाखवायची आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यायचे. विद्यार्थ्याच्या भाषेची परीक्षा तिथे होईल, कारण तिथला श्रोता ‘वीण’ आणि ‘पोत’ या शब्दांचा अर्थ शब्दकोशावाचून जाणतो. आमच्या बारा चौकोनांपैकी शेवटचे दोन अजून व्हायचे आहेत. काठाचा काजटाका घालून झाल्यावर कडेने कापायचे काम त्यांत आहे. ते झाले, की माझ्या वर्गापुढे पहिल्यांदा तेच ठेवीन म्हणते, आठही जणींचे, नावे न सांगता.